बांधावरची बाभूळ आणि जंगलाचा दाखला

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने आपल्या बॉयलरला ब्रिकेट, म्हणजे काडीकचरा दाबून केलेलं इंधन, पुरवणाऱ्यांना प्रश्नावली पाठवली. पहिलाच प्रश्न : तुमच्या इंधनातला वनजन्य जैवभार (जंगलातलं लाकूड) कोणत्या जंगलातून येतो आणि त्या जंगलाला शाश्वततेचं प्रमाणपत्र आहे का? पुरवठादार होती परभणी जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. तिच्या अध्यक्षांनी कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "जंगल कुठंय आपल्याकडं? असलं तर आम्हालाबी दाखवा म्हणावं."

बोलणं चेष्टेवारी होतं, पण मुद्दा बिनतोड होता. मराठवाड्यात सांगण्यासारखं जंगल म्हणजे किनवट-माहूरचा सागवानी पट्टा, अजिंठा-गौताळ्याचे डोंगर, येडशीचा रामलिंग घाट आणि बालाघाटातले काही तुकडे. लातूर जिल्ह्यात तर वनाच्छादन एक टक्क्याच्याही खाली आहे. तरीही या कंपनीच्या आवारात ट्रॉलीच्या ट्रॉली लाकूड उतरत होतं. ते येतं कुठून, हे शोधून कागदावर आणायचं काम माझ्याकडे आलं. ओळख पटू नये म्हणून इथे कंपनीचं, गावाचं, माणसांचं नाव दिलेलं नाही, आणि अशा ब्रिकेट कारखान्यांत सर्रास दिसणाऱ्या गोष्टी मी या एकाच प्रकरणात गुंफल्या आहेत. तेव्हा हे प्रातिनिधिक प्रकरण म्हणूनच वाचावं.

माल कुठला, कधीचा

आपल्याकडे 'पांढरा कोळसा' म्हणून जे विकलं जातं ते ब्रिकेट म्हणजे काडीकचरा बारीक करून जबर दाबाखाली ठासलेला, मनगटाहून जाड असा दांडका. त्यात बाहेरून काही चिकटवणारं घालत नाहीत. दाबाच्या उष्णतेने काड्यांमधलंच लिग्निन मऊ होतं आणि डिंकाचं काम करतं. कच्चा माल मात्र कोरडा हवा. ओल जास्त असली की दांडका तडकतो, कधी वाफ कोंडून मशीनमधून बंदुकीसारखा आवाज येतो.

कंपनीच्या सभासदांच्या शेतात कापूस, तूर आणि सोयाबीन. त्यामुळे मुख्य माल म्हणजे पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या. सोयाबीनचं भुस्कट बरंचसं जनावरांच्या पोटात जातं, ते कारखान्याला मिळालं तर मिळालं. पऱ्हाटी उपटायचा हंगाम जानेवारी ते मार्च. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापसाचं जे वाटोळं केलं, त्यानंतर तर कृषी खात्याचा सांगावा स्पष्टच आहे : फरदड (हंगाम लांबवून घेतलेला शेवटचा कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा, बांधावर रचून ठेवू नका. अळीची सुप्तावस्था त्याच वाळक्या बोंडांत आणि काड्यांत निघते. म्हणजे पऱ्हाटी शेतातून उचलणारा माणूस शेतकऱ्याला हवाच असतो. मजुरी परवडत नाही म्हणून जी पेटवून दिली जायची, तिला थोडा का होईना भाव आला.

अडचण पावसाळ्याची. मार्चअखेर जमवलेला माल उघड्यावर असतो, वर ताडपत्री. जूनचे पहिले दोन मोठे पाऊस झाले की ढिगाच्या तळाशी बुरशी धरते. शेड बांधायला भांडवल नाही, आणि पऱ्हाटी इतकी पोकळ की तिच्यासाठी शेड बांधायची म्हणजे निम्मी हवा साठवायला बांधायची. वाळूजचा बॉयलर मात्र श्रावण पाळत नाही. मग जुलै ते ऑक्टोबर कंपनी लाकडावर येते. वर्षाची सरासरी काढली तर लाकूड किरकोळ दिसतं, पण ऑगस्टचं रजिस्टर उघडलं की लाकूडच लाकूड. कंपनीने खरेदीदाराला आजवर दिलेले आकडे वार्षिक होते. खोटे नव्हते, पण त्यांतून काही कळतही नव्हतं.

प्रश्नावली कुणाची, लागू कुणाला

शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. वाळूजच्या कारखान्याची मूळ कंपनी त्यात बसते, शिवाय तिचे काही ग्राहक युरोपातले. कोळसा सोडून ब्रिकेट जाळायला लागल्यावर 'आम्ही नवीकरणीय इंधन वापरतो' असं अहवालात छापलं गेलं. मग तपासणाऱ्याने विचारलं, पुरावा काय? त्यातून ही प्रश्नावली निघाली, आणि ती करणाऱ्याने युरोपीय संघाच्या नियमातले मुद्दे जवळजवळ जसेच्या तसे उचलले होते.

तो नियम थोडक्यात असा. २०१८ च्या नवीकरणीय ऊर्जा निर्देशात वनजन्य जैवभारासाठी काही कसोट्या आहेत : तोड कायदेशीर असावी, तोडलेल्या जागी जंगल पुन्हा उभं राहावं, संरक्षित क्षेत्राला धक्का लागू नये, मातीचा कस आणि जैवविविधता सांभाळली जावी, आणि जंगलाची दीर्घकालीन उत्पादनक्षमता टिकावी. आधी त्या देशाचा कायदा आणि त्याची अंमलबजावणी बघायची. तिथे खात्री पटली नाही तर प्रत्यक्ष तोडीच्या क्षेत्रातली व्यवस्था तपासायची. घन इंधनासाठी हे २० मेगावॉट आणि त्यावरच्या औष्णिक क्षमतेच्या प्रकल्पांना होतं, २०२३ च्या दुरुस्तीने मर्यादा ७.५ मेगावॉटवर आली. हे सिद्ध करायला ज्या खासगी प्रमाणन योजना वापरतात, त्यांतली लाकडी पेलेट (भुसा दाबून केलेल्या बारीक गोळ्या) आणि चिप्ससाठीची प्रमुख म्हणजे सस्टेनेबल बायोमास प्रोग्राम. ती २०१३ साली युरोपातल्या वीज कंपन्यांनीच पुढाकार घेऊन सुरू केली. अमेरिकेतल्या पाइनच्या लागवडी, कॅनडातली जंगलं, बाल्टिक देश, तिथून जहाजं भरून पेलेट युरोपला जातात. हा सगळा डोलारा त्या व्यापारासाठी उभा आहे.

वाळूजला जळणाऱ्या ब्रिकेटला यातलं काहीच कायद्याने लागू नाही. हे अध्यक्षांना सांगितल्यावर ते खूश झाले. मग फॉर्म परत पाठवून देऊ, म्हणाले. पण खरेदीदार पुरावा मागतोय तो त्याच्या गरजेने, कायद्याच्या सक्तीने नव्हे. आणि पुरावा नसेल तर तो दुसरा पुरवठादार शोधेल. शिवाय मला प्रश्न मुळात वाजवी वाटत होते. चुकत होतं ते एवढंच, की सगळे प्रश्न जंगलाकडे तोंड करून उभे होते आणि आमचं लाकूड दुसऱ्याच दिशेने येत होतं.

नुसता कागद आणून भागतं असंही नाही. ब्रिटनमधल्या ड्रॅक्स या लाकूड जाळणाऱ्या बड्या वीज केंद्राकडे प्रमाणपत्रांची काही कमी नव्हती. तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातून आलेल्या लाकडाच्या प्रकारांची माहिती नीट दिली नाही म्हणून तिथल्या नियामकाबरोबर तडजोड करून कंपनीला अडीच कोटी पौंड भरावे लागले. नियामकाने लाकूड अशाश्वत असल्याचं म्हटलं नाही. नोंदी कच्च्या होत्या, एवढ्यावर ही रक्कम गेली.

काट्याची पावती

आमच्याही प्रकरणाचा जीव नोंदीतच अडकलेला होता. लाकडाची ट्रॉली आली की आधी शेजारच्या काट्यावर जाते. तिथून मिळणारी पावती मी पुढ्यात ठेवून बघत बसलो. तारीख, वेळ, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. मालाच्या रकान्यात 'लाकूड'. पार्टीच्या रकान्यात ठेकेदाराचं नाव. ज्याच्या रानातलं झाड तो शेतकरी कुठेच नाही, गाव नाही, गट नंबर नाही, झाड कोणतं तेही नाही. पैसे ठेकेदाराच्या खात्यावर जातात, त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने पावती परिपूर्ण. प्रमाणनाच्या दृष्टीने तिच्यावर फक्त वजन आहे.

आणि ते वजनही जुळेना. प्रमाणन योजनांमध्ये वस्तुमानाचा ताळेबंद हा कणा असतो : आत किती आलं, बाहेर किती गेलं, मधे किती घट. प्रमाणित मालाचा दावा आत आलेल्या प्रमाणित मालापेक्षा जास्त होता कामा नये. आता ओलं लाकूड घ्या. ताज्या तोडलेल्या लाकडात ४५ टक्के पाणी धरलं तर १०० टनांत कोरडा भाग ५५ टन. ब्रिकेटमध्ये १० टक्के ओल ठेवायची म्हटली तर त्या ५५ टनांचे ब्रिकेट होतात साधारण ६१ टन. हिवाळ्यातल्या २० टक्के ओलीच्या पऱ्हाटीचं तेच गणित केलं तर १०० टनांचे ८९ टन. कंपनीच्या हिशेबनीसाने वर्षभर सगळ्याला एकच घट लावली होती, दहा टक्के. त्यामुळे लाकडाच्या महिन्यांत कागदावर जितके ब्रिकेट व्हायला हवे होते तितके प्रत्यक्षात झालेच नव्हते. ती तूट भरून काढायला पऱ्हाटीचा साठा फुगवला गेला. यात लबाडी नव्हती. पण तपासणीस बाहेरून आला असता तर त्याने पहिल्या तासात हेच पान उघडलं असतं, आणि मग बाकीच्या खऱ्या नोंदींवरही त्याचा विश्वास राहिला नसता.

ओलमापक यंत्र काही महाग नाही. ते आणलं, प्रत्येक ट्रॉलीची ओल पावतीच्या मागे लिहायला सुरुवात केली, आणि घट मालानुसार लावली. एवढ्याने ताळेबंद जुळू लागला.

ठेकेदाराबरोबर फिरताना

लाकूड कुठून येतं हे फक्त ठेकेदाराला माहीत होतं. तो आधी टाळत होता. "लोक इकायलेत, आम्ही घ्यायलोत. त्यात काय चोरी हाय का?" चोरीचा प्रश्न नाही, झाड कुणाचं ते लिहायचंय, असं चारदा सांगितल्यावर त्याने गाडीवर मागे बसवलं आणि आठवडी बाजाराच्या गावांतून फिरवलं. तेव्हा दिसलं की रजिस्टरमधलं 'लाकूड' निदान चार ठिकाणचं आहे.

पहिलं, बांधावरची झाडं. बाभूळ, कडुनिंब, क्वचित वठलेला आंबा. मुलीचं लग्न, बोअर आटली, भावाभावांत वाटणी होऊन बांध सरकला, अशा वेळी झाड विकलं जातं. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरच्या झाडतोडीला १९६४ चा कायदा लागू आहे, आणि त्याच्या अनुसूचीतली सागवान, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ आणि कडुनिंब त्या यादीत नाहीत. म्हणजे 'तोड कायदेशीर आहे का' या कसोटीवर बांधावरची बाभूळ सहज पास होते. मात्र वठलेल्या आंब्याच्या तीन ट्रॉल्या परवानगीशिवाय आल्या होत्या आणि त्या 'लाकूड' या एका शब्दाखाली गुडूप झाल्या होत्या.

दुसरं, गायरान आणि नाल्याकाठची वेडी बाभूळ. तिसरं, नदीकाठच्या काही बागायतदारांची सुबाभूळ, ही मात्र लावलेली आणि ठरावीक वर्षांनी तोडली जाणारी. चौथं, किनवटकडच्या आरागिरणीतला भुसा आणि कडेच्या फळ्या. खऱ्या अर्थाने जंगलातून आलेला माल फक्त हा शेवटचा. गिरणीच्या बिलावर मूळ लाकडाचा वाहतूक परवाना आणि लिलावाचा क्रमांक टाकून घेतला तर त्याचा माग वनखात्याच्या आगारापर्यंत लागतो. जवळच पैनगंगा अभयारण्य असल्यामुळे संरक्षित क्षेत्राचा प्रश्न इथे खरोखर विचारण्यासारखा होता, आणि त्याचं उत्तर कागदावर मिळण्यासारखंही होतं. गंमत म्हणजे ज्या मालासाठी प्रश्नावली बनली तो सगळ्यात सोपा निघाला.

बाभळीचं प्रकरण नाजूक. ठेकेदाराच्या तोंडी दोन्ही बाभळीच. "बाभळीचं काय घेऊन बसलात साहेब, तोडली की दोन पावसात परत डोक्याएवढी होती." हे वेड्या बाभळीबाबत अगदी खरं आहे. मूळची दक्षिण-मध्य अमेरिकेतली, काट्यांची, बुडखा ठेवला की दसपट फुटणारी, माळरानं गिळत सुटलेली. ती काढली तर गवताला जागा होते. पण आपली देशी बाभूळ, जिच्या शेंगा शेळ्या खातात, जिच्या लाकडाची बैलगाडीची चाकं व्हायची, ती बुडख्यातून अशी फुटत नाही. तोडली की गेली, पुन्हा बी पडून वाढेपर्यंत पंधरा-वीस वर्षं. 'तोडलेलं पुन्हा उभं राहतं का' या प्रश्नाला एकीचं उत्तर होय आहे आणि दुसरीचं जवळजवळ नाही. पावतीवर मात्र दोघी एकच.

कार्बनचा हिशेब, जो फारच सोपा निघाला

युरोपीय नियमात हरितगृह वायूंची बचतही दाखवावी लागते : मूळ निर्देशात २०२१ नंतर सुरू झालेल्या प्रकल्पांना ७० टक्के आणि २०२६ पासूनच्यांना ८० होती, २०२३ च्या दुरुस्तीने त्या नोव्हेंबरनंतर सुरू झालेल्यांनाच ८० केली. तुलनेला कोळसा-तेलासारख्या इंधनांच्या उष्णतेसाठी धरायचा आकडा आहे मेगाज्यूलमागे ८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. खरेदीदाराने तेही मागितलं होतं, म्हणून ढोबळ गणित करून पाहिलं. एक टन ब्रिकेट करायला शंभर युनिट वीज धरली, आणि आपल्या ग्रिडमध्ये युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, तर झाले ७० किलो. ट्रॅक्टर आणि ट्रकचं पाच लिटर डिझेल, त्याचे साडेतेरा. टनभर ब्रिकेटमध्ये उष्णता १५ गिगाज्यूल, बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के. भागाकार केला की मेगाज्यूलमागे साडेसात ग्रॅमही होत नाहीत. मिथेन वगैरे धरून थोडं वर सरकलं, तरी बचत नव्वदीच्या आसपास.

अध्यक्षांना आकडा आवडला. मला तो फार सहज आलेला वाटला, कारण त्यात झाडाचा स्वतःचा कार्बन शून्य धरलेला आहे. आंतरराष्ट्रीय हिशेबाची पद्धतच तशी आहे : लाकूड जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या खात्यात मोजत नाहीत, झाड तुटलं तेव्हा जमिनीच्या खात्यात तो वजा झाला असं मानतात. कंपन्यांच्या अहवालातही तो वेगळ्या ओळीत दाखवायचा असतो. चिमणीपाशी उभं राहून मोजलं तर लाकूड गिगाज्यूलमागे सुमारे ११२ किलो सोडतं आणि दगडी कोळसा साधारण ९५. म्हणजे जाळताना लाकूड कोळशाहून वरचढ. ते परत फिटतं ते झाड पुन्हा वाढल्यावर. पऱ्हाटीचा कार्बन गेल्या जूननंतर हवेतून आलेला, पुढच्या कापसात तो पुन्हा बसतो. वेडी बाभूळ तीन-चार वर्षांत फेडते. तीस वर्षांचा बांधावरचा कडुनिंब तोडला आणि जागी काही लावलंच नाही, तर ते कर्ज कोण फेडणार? आणि इथे जमिनीच्या खात्यात ती वजाबाकी कोण करतंय? एका बांधावरचं एक झाड कुठल्याच उपग्रहाच्या नकाशात धड दिसत नाही. साडेसात ग्रॅमच्या आकड्यात पऱ्हाटी आणि तो कडुनिंब एकाच भावाने बसतात.

म्हणून मी खरेदीदाराला एकच आकडा द्यायला नकार दिला. मालागणिक वेगळी ओळ दिली, आणि बांधावरच्या जुन्या झाडांपुढे 'बचत दाखवता येत नाही' असं लिहिलं. यावर अध्यक्ष माझ्यावर काही दिवस नाराज होते.

फॉर्ममध्ये नसलेले प्रश्न

गायरानातली वेडी बाभूळ कायद्याने ठीक, निसर्गाच्या दृष्टीने उलट चांगली, कार्बनलाही बरी. प्रश्नावलीतल्या प्रत्येक कसोटीवर ती उतरते. पण ठेकेदाराबरोबर ज्या गावात गेलो तिथे नाल्याकाठी त्याची माणसं यंत्राने बाभूळ कापत होती आणि पलीकडे दोन बाया कोयत्याने त्याच झुडपाच्या फांद्या तोडून मोळी बांधत होत्या. उज्ज्वला योजनेची टाकी बहुतेक घरांत आहे, पण पाणी तापवायला, भाकरीला चूल असतेच. ज्यांना शेत नाही त्यांच्याकडे पऱ्हाटीही नसते, त्यांचं सरपण म्हणजे हीच. एकीने विचारलं, "समदी न्यायलाव का?" ठेकेदार काही बोलला नाही. ग्रामपंचायतीने त्याला तोंडी परवानगी दिली होती आणि पैसे कुठल्या खात्यात जमा झाले ते सरपंचांना आठवत नव्हतं.

दुसरा प्रश्न मातीचा. युरोपीय नियमात तो शेतीच्या अवशेषांसाठी वेगळा आहे : काडीकचरा उचलताना मातीतला कर्ब घटू नये याची योजना आणि देखरेख हवी. वाळूजच्या फॉर्ममध्ये तो नव्हता, कारण फॉर्म करणाऱ्याच्या डोक्यात फक्त लाकूड. आमच्याकडे तर तोच मोठा. काळ्या रानाला सेंद्रिय कर्बाची आधीच चणचण. पऱ्हाटी कुट्टी करून रानातच गाडावी असं सांगणारे आहेत, बोंडअळीसाठी ती रानाबाहेर काढावी असं सांगणारेही आहेत, आणि दोघांचंही बरोबर आहे. माझं मत असं पडलं की देठ न्या, पाला-बोंडं झडू द्या आणि त्याच रानात लगेच नांगरट करा. शिवाय दर वर्षी एकाच गटातून पऱ्हाटी उचलू नका. पऱ्हाटीतलं पोटॅश राखेत उतरतं आणि राख वाळूजला राहते. ती परत आणायची गोष्ट काढली तेव्हा ट्रकवाल्याने सांगितलेलं भाडं ऐकून विषय मिटला.

हा प्रश्न एका कारखान्यापुरता राहणार नाही. केंद्राच्या धोरणानुसार कोळशाच्या वीज केंद्रांनी जैवभाराच्या पेलेट मिसळायच्या आहेत, आणि त्या मुख्यतः शेतीच्या अवशेषांच्या असाव्यात असं त्यात आहे. परळीच्या औष्णिक केंद्रातले २५० मेगावॉटचे तीन संच ७० टक्के क्षमतेने चालले असं धरलं तर वर्षाला बत्तीस लाख टनांच्या आसपास कोळसा लागेल. त्याचे पाच टक्के म्हणजे दीड लाखाहून जास्त टन. कोरडवाहू कापसातून एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते. म्हणजे नुसत्या परळीसाठी दीड लाख एकराहून जास्त रानाची पऱ्हाटी. पावसाळ्यात एवढा कोरडा माल आला नाही की तीच कहाणी तिथे मोठ्या आकारात होईल, आणि ट्रॉल्या पुन्हा बांधाकडे वळतील. लातूरचे शेतकरी नेते पाशा पटेल गेली काही वर्षं बांबू लावा, तो औष्णिक केंद्रांना द्या, असा धोशा लावून आहेत. मुद्दाम लावलेल्या, नोंद असलेल्या पिकातून पावसाळ्याची भूक भागणार असेल तर या प्रकरणापुरतं मला त्यांचं म्हणणं पटतं. पाणी किती लागेल हा वाद वेगळा.

काय केलं

परदेशी योजनेचं प्रमाणपत्र घ्यायचं नाही, असं ठरलं. त्याचा खर्च आणि दरसालची तपासणी एवढ्या छोट्या कंपनीला झेपणारी नाही, आणि ती योजना जहाजाने जाणाऱ्या पेलेटसाठी आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या डिसेंबरमध्ये भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणन योजना आणली. तिच्यात जंगलाबाहेरच्या झाडांसाठी वेगळा विभाग आहे, तो आमच्यासारख्यांना जास्त जवळचा. सुबाभूळ लावणाऱ्या शेतकऱ्यांचा गट करून तिथे जायचं, हे पुढच्या टप्प्यावर ठेवलं. तूर्त खरेदीदाराने स्वतःच्या तपासणीसाकडून पडताळणी करून घ्यावी आणि आम्ही त्याला माग दाखवावा, यावर दोघांचं जमलं.

माग दाखवायला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ई-पीक पाहणीचा. २०२१ च्या ऑगस्टपासून शेतकरी मोबाइलवर स्वतःच पिकाची नोंद करतो, फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो आणि नोंद सातबाऱ्यावर येते. पऱ्हाटी देणाऱ्याच्या गटात कापूस होता का, किती क्षेत्र होतं, हे तिथे दिसतं. चार एकर कापूस असलेल्याच्या नावावर वीस टन पऱ्हाटी आली तर विचारायचं. बांधावरची झाडंही त्यात नोंदवता येतात, पण सभासदांपैकी तशी नोंद केलेले थोडे.

काट्याच्या पावतीला एक चिठ्ठी जोडली : शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, मालाचा प्रकार, ओल. प्रकारात देशी बाभूळ आणि वेडी बाभूळ वेगळ्या. अनुसूचीतलं झाड असेल तर परवानगीची प्रत नसताना ट्रॉली आत येणार नाही. गायरानातली बाभूळ फक्त ग्रामसभेच्या लेखी ठरावावर, पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात, आणि वस्तीजवळचा पट्टा सरपणासाठी सोडायचा. देशी बाभूळ आणि कडुनिंब घेणं थांबवलं. वठलेलं झाड असेल तर फोटो हवा. याच्यावर संचालक मंडळाच्या बैठकीत चांगलीच जुंपली, कारण बांधावरचं झाड विकणारे बरेचसे सभासदच होते. "आमच्या बांधावरचं झाड आमी इकायचं का नाही, हे वाळूजवाला ठरवणार का?" या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं. विका, पण आपल्या कारखान्याला नको, एवढंच ठरावात आलं.

पहिल्या हंगामाअखेर हिशेब असा. पडताळणीत माल पास झाला, आक्षेप किरकोळ होते. खरेदीदाराने भाव वाढवून दिला नाही, करार मात्र एक वर्षाऐवजी तीन वर्षांचा केला आणि त्या कराराच्या कागदावर बँकेने शेडसाठी कर्ज मंजूर केलं. पावसाळ्यातला पुरवठा कमी पडला, तेवढे दिवस वाळूजच्या कारखान्याने कोळसा जाळला आणि अहवालात तसं लिहिलं. ठेकेदाराने आमच्याकडे येणं सोडलं. त्याच्या ट्रॉल्या आता वीटभट्ट्यांना, हळद शिजवायच्या हंगामात वसमतच्या बाजूला आणि चिठ्ठी न मागणाऱ्या दुसऱ्या एका ब्रिकेट कारखान्याला जातात. म्हणजे बांधावरच्या बाभळी आमच्या कागदावरून गेल्या, रानातूनही जातच आहेत. खरेदीदाराच्या पडताळणीला हे दिसत नाही, कारण ती फक्त आमच्या फाटकातून आत आलेलं मोजते. निदान तालुक्यातल्या सगळ्या ब्रिकेटवाल्यांनी एकच चिठ्ठी वापरावी असा प्रस्ताव मी ठेवला आहे. तिघांनी बैठकीला येतो म्हटलं, एकाने फोन उचलला नाही.

शेडचे खांब उभे राहिले आहेत. पत्रे जानेवारीत पऱ्हाटी सुरू व्हायच्या आत पडले तर पुढच्या ऑगस्टचं रजिस्टर वेगळं दिसेल.